वाडा, मत आणि उतारा
(मंडळाच्या कणकुंबी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



सीमाभागाच्या मेळाव्यात गोव्याच्या पुढाऱ्यावर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की केरी आणि तिथून साखळी. आपल्या कित्येक घरांच्या सोयरिकी त्या बाजूला आहेत. त्याच साखळीच्या राणे घराण्यातले प्रतापसिंह रावजी राणे पन्नास वर्षे आमदार राहिले आणि एकदाही पडले नाहीत. जमीनदाराच्या वाड्यातला माणूस लोकशाहीत इतका टिकतो कसा, हे नीट पाहिले तर आपल्या राजकारणावरही थोडा उजेड पडेल, असे आम्हांला वाटते.

राणे हे सत्तरीचे मोकासदार. पोर्तुगीज सत्तेला या घराण्याचे हक्क मानून घ्यावे लागले आणि त्याच सत्तेशी राणे वारंवार लढलेही. १८५२ सालचे दीपाजी राण्यांचे बंड आणि १८९५ सालचे दादा राण्यांचे बंड आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होते, कारण घाटातली रानेच या बंडांची ढाल होती. त्यामुळे सत्तरीच्या माणसाला राणे म्हणजे जमिनीचा मालक आणि फिरंग्याशी लढलेला पुरुष, दोन्ही एकाच वेळी. हे पुण्य मोठे होते. निवडणुकीत ते मतपेटीत उतरले.

प्रतापसिंह राण्यांचा जन्म २८ जानेवारी १९३९ चा. अमेरिकेत व्यवसाय व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७२ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे निवडून येऊन मंत्री झाले. भाऊसाहेब बांदोडकरांचा हा पक्ष कुळांचा, मुंडकारांचा, बहुजनांचा. भाटकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षाने जमीनदाराच्या मुलाला जवळ केले, यात भाऊसाहेबांचा हिशेब होता. सत्तरीत राण्यांना बाजूला ठेवून राजकारण करणे अवघड होते. १९७३ साली भाऊसाहेब गेले. शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत १९७५ साली मुंडकार कायदा झाला आणि १९७६ साली कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. त्या वेळी राणे मगोतच होते. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले आणि १६ जानेवारी १९८० रोजी मुख्यमंत्री झाले.

त्यांचे राजकारण जैसे थे वृत्तीचे होते, असे आमचे मत आहे. येथे आम्ही हा शब्द निंदेने वापरत नाही. आवाज चढवायचा नाही, एका रात्रीत काही उलथवायचे नाही, संस्था उभ्या करायच्या आणि हळू चालायचे, अशी ही रीत. कदंब परिवहन १९८० चे आणि गोवा विद्यापीठ १९८५ चे. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. आज सभागृहात जी भाषा ऐकावी लागते, ती ऐकली की त्यांच्या संयमाची किंमत कळते.

पण मराठी माणसाने दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली भाषेची. १९८७ च्या फेब्रुवारीत त्यांच्या सरकारने राजभाषा कायदा केला. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर करता येईल एवढीच तरतूद राहिली. आंदोलन पेटले होते, दिल्लीचा दबाव होता, हे सगळे खरे. तरीही मगोच्या तिकिटावर राजकारणात आलेल्या मुख्यमंत्र्याच्या हातून हे झाले.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. कूळ कायदा होऊनही सत्तरीत मोकाशाच्या आणि सरकारच्या नावे असलेल्या पुष्कळ जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या काजू लावणाऱ्याकडे झाडे आहेत, कागद नाही. याचा परिणाम जानेवारी २०२१ मध्ये दिसला. गुळेली पंचायतीतल्या मेळावली येथे आयआयटीसाठी जमीन मोजायला सरकारी माणसे आली, तेव्हा गावकरी आडवे झाले, पोलिसांशी झटापट झाली आणि शेवटी सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. त्या बायाबापड्यांचे म्हणणे साधे होते : जमीन आमची, मग उताऱ्यावर आमचे नाव का नाही?

पन्नास वर्षे निवडून आलेल्या आमदाराला हा प्रश्न ठाऊक नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. पण दोष एकट्या राण्यांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. मत देणाऱ्यानेही कागद मागितला नाही. अडीअडचणीला वाडा धावून येतो, लग्नकार्याला येतो, दवाखान्याला चिठ्ठी देतो, मग उताऱ्याचे पुढे बघू, असे चालत राहिले. २०२२ साली राणे निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यांच्या पर्ये मतदारसंघातून त्यांच्या सूनबाई भाजपतर्फे निवडून आल्या. मगो, काँग्रेस, भाजप. झेंडे तीन झाले, वाडा तोच राहिला.

आता आपल्याकडे वळू. खानापूर तालुक्यातही देसाई, सरदेसाई, पाटील, इनामदार अशी जुनी घरे आहेत. आज समोर बसलेल्यांत त्यातले बरेच आहेत. १९५६ नंतर मराठीचा झेंडा याच घरांनी खांद्यावर घेतला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. ते ऋण कोणी नाकारत नाही. पण ऋण मानणे वेगळे आणि हिशेब न विचारणे वेगळे. आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज पाहतो. पीककर्जासाठी माणूस येतो आणि उताऱ्यावर आजोबांचे नाव असते. वारसा नोंद झालेली नसते. कर्नाटकात १९७४ नंतर कुळांनी फॉर्म नंबर सात भरून जमिनी मिळवल्या, पण ज्यांनी मालकाच्या भिडेने तो भरलाच नाही, त्यांची नातवंडे आज रिकाम्या हाताने परत जातात. जंगलाला लागून कसणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, पण अर्ज केल्याशिवाय तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.

पाण्याचेही तेच. २००६ साली कळसा नाल्याच्या कामावरून राण्यांच्या सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठले. २०१८ साली लवादाचा निवाडा आला. गोव्याने आपली बाजू मांडली, कर्नाटकाने आपली. कालवा ज्यांच्या दारात खणला गेला, त्या कणकुंबीकरांची बाजू कोणी मांडली?

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. मंडळाने गावोगाव याद्या कराव्यात : कोणाची वारसा नोंद राहिली, कोणाचा वनहक्काचा अर्ज पडून आहे, कोणाची जमीन कालव्यात गेली आणि भरपाई किती मिळाली. मते मागायला येणाऱ्याच्या हातात, तो कोणत्याही घरातला असो, आधी ही यादी द्यावी. जुन्या घरांनी या कामात पुढे व्हावे, आणि सुरुवात आपल्याच कुळांच्या उताऱ्यांपासून करावी. असे झाले तर वाड्याचा मान कमी होणार नाही, उलट तो पुढच्या पिढीलाही पटेल.

 जय महाराष्ट्र!