दिसणारा दिवा आणि दाखविणारा दिवा

दिव्याकडून माणसाची अपेक्षा साधी असते. त्याने भोवतालच्या वस्तू दाखवाव्यात आणि स्वतः नजरेआड राहावे. रंगभूमीवरील बहुतेक दिवे हा धर्म निष्ठेने पाळतात. ते उंच आडव्या नळ्यांवर किंवा विंगेत दडून राहतात. प्रेक्षकाला नटाचा चेहरा दिसतो, दिवा दिसत नाही. ह्याला एक अपवाद आहे. तारेला लोंबणारा, कसलेही आवरण नसलेला काचेचा साधा बल्ब हा तो अपवाद होय. तो रंगमंचावर एखाद्या पात्रासारखा वावरतो.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे टेनेसी विल्यम्स ह्यांचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक. १९४७ साली न्यूयॉर्क येथे त्याचा प्रयोग झाला, तेव्हा नेपथ्य आणि प्रकाशयोजना जो मिल्झायनर ह्यांची होती. नाटकाची नायिका ब्लान्श हिला उघडा बल्ब सहन होत नाही. त्यावर ती कागदी कंदील चढवून घेते. पुढे मिच हा तिचा प्रियकर तो कंदील फाडून काढतो आणि उघड्या उजेडात तिचा चेहरा न्याहाळतो. तिने जपलेले वय आणि पूर्वायुष्य एका क्षणात उघडे पडते. सारा प्रसंग त्या एका बल्बवर टांगलेला आहे.

हेच नाटक आज बसवावयाचे ठरले, तर प्रकाशयोजनाकार पुष्कळदा ते प्रथम संगणकावर उजळून पाहतो. कारण उघड आहे. नाट्यगृह प्रयोगापूर्वी थोडेच तास हाती येते आणि तेवढ्यात शंभर दिव्यांची सांगड घालावयाची असते. म्हणून रंगमंच, नेपथ्य आणि दिवे ह्यांची आभासी प्रतिकृती उभारून आधीच चाचणी घेतली जाते. कॅनडातील 'विझिविग' किंवा स्वीडनमधील 'कॅप्चर' ही अशा आज्ञावलींची परिचित नावे.

ह्या आज्ञावलींची मूळ कल्पना झोताची आहे. दिव्यातून एक शंकू निघतो, त्याला ठरावीक कोन असतो, धुरकट हवेत तो दिसतो आणि जमिनीवर वर्तुळ उमटवितो. बल्बला मात्र झोत नाही. त्याचा प्रकाश भिंतीवर, जमिनीवर, छतावर असा सर्व दिशांना पसरतो. झोताची सावली काढण्यास संगणकाला एकाच दिशेने पाहावे लागते. बल्बसाठी घनाच्या सहा बाजूंप्रमाणे सहा दिशांना पाहावे लागते. शिवाय येथे दोन वेगळी कामे आहेत: बल्ब स्वतः तेजस्वी दिसला पाहिजे, आणि त्याचा प्रकाश इतरांवर पडला पाहिजे. दिव्यांची वर्णने एका साच्यात नोंदविण्याची 'जीडीटीएफ' नावाची पद्धत २०२० साली जर्मनीत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तीत झोताच्या प्रकारांमध्ये 'ग्लो' असा एक प्रकार आहे. त्यात वस्तू उजळते, झोत काढला जात नाही. म्हणजे दिसणे आणि दाखविणे ह्यांची फारकत शास्त्रानेही मान्य केली आहे.

ती किती मोठी आहे, हे आकड्यांवरून कळते. साठ वॅटचा तंतूचा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन प्रकाश देतो. तो सर्व दिशांना वाटला, की एका दिशेची तीव्रता जेमतेम ५५ कँडेला उरते. उलट रंगमंचावरील एका चांगल्या झोतदिव्याची तीव्रता लाख कँडेलाच्या घरात जाते. दहा मीटरांवरून तो चेहऱ्यावर १००० लक्स टाकतो. बल्ब एका मीटरवरून टाकतो ५५. पडद्यावरील चित्राचा उजेड झोतांना अनुसरून ठरविला, की बल्बचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. मग योजनाकाराला मोह होतो आणि तो बल्बचा आकडा वाढवितो. चित्र सुंदर दिसते, चेहरा उजळतो. परंतु तेवढा प्रकाश देणारा बल्ब बाजारात नसतो.

दुसरी फसगत उलट बाजूने होते. तापलेल्या तंतूची चकाकी दर चौरस मीटरला दहा लाख कँडेलांहून अधिक असते. संगणकाच्या साध्या पडद्याची काही शेच. पडद्यावर बल्ब म्हणजे एक निरुपद्रवी पांढरा ठिपका. नाट्यगृहाच्या अंधारात तोच बल्ब प्रेक्षकाचे डोळे दिपवितो आणि त्याच्या शेजारचा चेहरा काळवंडून जातो. डोळ्यांचे हे दिपणे कोणत्याही चित्रात उतरत नाही.

बल्ब मंद करावा, तर त्याचाही स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. तंतूच्या बल्बची व्होल्टता निम्मी केली, तर प्रकाश निम्मा न राहता दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि त्याचा रंग पिवळ्याकडून नारिंगीकडे झुकतो. विझतानाही तंतू क्षणभर तांबूस रेंगाळतो. त्याच आकाराचा एलईडी बल्ब पुष्कळदा रंग न बदलता मंदावतो आणि शेवटी एकदम विझतो. आभासी बल्ब ह्यांपैकी कोणता, हे सांगितले नाही, तर संथ विझण्याचा जो प्रसंग संगणकावर साधला, तो प्रत्यक्षात साधत नाही.

म्हणून अनुभवी योजनाकार बल्बकडून फक्त दिसण्याचे काम घेतात. तो डोळ्यांना सोसेल इतका मंद ठेवतात, आणि त्याच दिशेने, त्याच रंगाचा एक लपलेला दिवा चेहऱ्यावर सोडतात. प्रेक्षकाला वाटते, हा उजेड बल्बचाच. आभासी रंगमंचावरही हीच जोडी मांडावी, बल्बच्या नोंदीत त्याचे खरे आकडे भरावेत, आणि पहिली संधी मिळताच एक खरा बल्ब अंधारात लावून शेवटच्या रांगेतून पाहावा.

कारण मिच कंदील फाडतो, तेव्हा प्रेक्षकाला बल्ब दिसून भागत नाही; ब्लान्शचा चेहरा दिसावा लागतो. संगणकावरील चित्रावर विसंबून जो योजनाकार राहील, त्याच्या प्रयोगात त्या क्षणी उघडा दिवा तेवढा दिसेल, आणि ज्या मुखासाठी तो उघडा केला, ते अंधारातच राहील.