नांगराला लागलेलं नाणं



लेणी नाहीतर किल्ला बघून तुम्ही खाली उतरता. एक माणूस जवळ येतो, इकडेतिकडे बघतो आणि रुमालाची गाठ सोडतो. आत हिरवट पडलेली चार-पाच नाणी. "साहेब, नांगराला लागली. घरात आजारपण आहे, म्हणून काढतोय." शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आपल्या घरी असावी असं कोणाला वाटणार नाही? हात खिशाकडे जातोच.

तो तिथंच थांबवा. आधी दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून बघा. शिवराई ठशावर घाव घालून पाडलेली असे. त्यामुळे कुठं 'श्री' कडेला जाऊन अर्धी कापलेली, कुठं 'राजा' एका अंगाला सरकलेला. दोन्ही नाणी अगदी जुळी दिसली, तर ती एकाच साच्यात ओतलेली समजा. ओतीव नाण्याच्या कडेवर बऱ्याचदा सांध्याची रेघ असते, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. ओल्या बोटानं घासल्यावर हिरवा रंग निघाला, तर तो परवाच चढवलेला असणार.

नकली नाण्यांचा दुसरा प्रकार रामदरबाराचा. एका बाजूला राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. कोणी ते नाणं तांदूळ ओढतं असं करून दाखवतं. त्या तांदळाला लोखंडाचा कीस चोळलेला असतो आणि 'नाण्यात' लोहचुंबक.

आणि समजा, नांगराची गोष्ट खरी निघाली तर? जमिनीत सापडलेलं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांवरची नाणी पुरावशेषांत मोडतात. १९७२ च्या कायद्यानुसार त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट द्यायचा विचार असेल, तर हे विसरू नका. म्हणजे नाणं खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर कायद्याचं लचांड मागे लागलं.

आठवण हवीच असेल, तर वस्तुसंग्रहालयाच्या दुकानातून 'प्रतिकृती' असं लिहिलेली वस्तू पावतीसह घ्या. ती नवी आहे हे ती लपवत नाही. आणि रुमालवाल्याला एवढंच विचारा, "दादा, पावती देता का?" बहुतेक वेळा रुमालाची गाठ पुन्हा बसते.