नथ, तार आणि एक केमिओ
(सोसायटीच्या महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण, थोड्या फेरफाराने.)



हळदीकुंकवात पुरुषाचं भाषण म्हणजे तसा आगाऊपणाच. पण निवृत्तीनंतर मी तारेचे दागिने वळतो हे या पंचवीस वर्षांत सगळ्या मजल्यांवर कळलेलं आहे. तेव्हा मंडळानं बोलावलं आणि आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "जाच, आणि नथीचं खरं खरं सांगा." म्हणून आधी तेच सांगतो.

माझ्या आईची एक मोत्यांची नथ होती. ती गेल्यावर मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून लॉकरमध्ये ठेवली. आयुष्यभर लोकांना लॉकरचं महत्त्व सांगणारा माणूस, दुसरं काय करणार! चौदा वर्षांनी नातीचं लग्न ठरलं तेव्हा पिशवी उघडली. मोती पिवळट, निस्तेज. सौ. म्हणाल्या, हात लावू नका, पटवेकऱ्याकडे नेऊ. मी ऐकलं नाही. पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात, मग नथ का नाही होणार, असा विचार केला. धुऊन काढल्यावर दोन मोत्यांवरचा पापुद्रा सुटलेला आणि बाकीचे खडूसारखे. आईच्या वस्तूची ही दशा मी माझ्या हातानं केली. हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

कारण नंतर कळलं. मोती म्हणजे शिंपल्यातल्या जीवानं थरावर थर चढवलेला चुनाच, त्यात थोडा सेंद्रिय अंश आणि किंचित ओलावा. आंबट लागलं की चुना विरघळतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, इतकंच काय, घामसुद्धा त्याला चालत नाही. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी; आणि काढताना मोती सगळ्यात आधी. काढल्यावर ओलसर मऊ सुती कपड्यानं पुसायचे, कोरडे करायचे आणि सुती पिशवीत वेगळे ठेवायचे. सोन्याच्या बांगड्यांबरोबर एका डबीत टाकू नका, चरे पडतात. आपल्या परभणीचा मे महिना तर ठाऊकच आहे. त्या कोरड्या उन्हाळ्यात हवाबंद प्लास्टिक नको. वर्षातून दोन-चारदा अंगावर घाला, हे सगळ्यात चांगलं.

आता बँकेतली एक गोष्ट. सोनेतारण कर्जात आमचे सराफ दागिना कसोटीवर ओढायचे आणि वजन करायचे. खडे, मोती, पोकळ मण्यांतली लाख, हे सगळं वजा. एक बाई दरवर्षी पेरणीच्या आधी नथ घेऊन यायच्या. मोती वजा करून सोनं उरायचं तीनेक ग्रॅम. रक्कम अगदी किरकोळ, पण सोडवायला मात्र त्या दिवाळीच्या आधी हजर. मी एकदा म्हणालो, "मावशी, दुसरं काही ठेवा की." त्या म्हणाल्या, "दुसरं ठेवलं तर सोडवायची घाई व्हत नाही साहेब." आमच्या रजिस्टरात मोत्यांना किंमत शून्य होती.

तारेविषयी थोडं. सोनार जाड तार भोकांच्या पोलादी पट्टीतून, म्हणजे जंतरातून, एकेका लहान भोकातून ओढत बारीक करतो. ओढताना आणि वाकवताना धातू कडक होत जातो, म्हणून मधूनमधून तापवून नरम करावा लागतो. शिकणाऱ्यानं तांब्यापासूनच सुरुवात करावी. सांगाड्याला पाऊण-एक मिलिमीटर, मणी बांधायला त्याच्या निम्मी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, इथे सगळेच फसतात. मी सुरुवात केली ती पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याकडच्या तुकड्यांवर. त्या तारेवर इनॅमल असतं, त्यामुळे ती हिरवी पडत नाही. पण इनॅमल घरात जाळून काढू नका, धूर वाईट. उघडं तांबं घामानं हिरवं होतं. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, म्हणून चांदीच्या दागिन्याला रबर बँड लावायचा नाही.

आणि हा केमिओ. आमच्या मुलानं कंपनीच्या कामावर इटलीला गेला असताना आईसाठी आणला. नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावात शंखांवर हे चेहरे कोरतात. वरचा पांढरा थर चेहऱ्याला, खालचा तपकिरी थर पार्श्वभूमीला. उजेडासमोर धरला की प्रकाश आरपार दिसतो. शंख म्हणजे पुन्हा चुनाच, तेव्हा नथीचे सगळे नियम यालाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि भिजत न ठेवता लगेच कोरडा. वर्षातून एकदा खनिज तेलाचा हलका हात, एक तास ठेवून पुसून टाकायचं. याला तारेची चौकट मी केली आहे. चिकटवलेला नाही, चार वळ्यांनी धरलेला आहे, म्हणजे कधीही काढता येईल.

केमिओ दगडाचेही असतात आणि तिथे आपला संबंध येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलं आहे की, पैठणहून गाड्या भरभरून ऑनिक्स भडोच बंदराला जात असे. वाट वीस दिवसांची. अशाच थराथरांच्या दगडावर रोमन कारागीर चेहरे कोरत. हीच गोदावरी पैठणहून खाली आपल्या गंगाखेडला येते. वाळूत पट्ट्यापट्ट्यांचा गोटा सापडला तर फेकू नका, मला दाखवा. हा अकीक कठीण असतो, त्याला चिंचेची भीती नाही!

नथ शेवटी पटवेकऱ्यानंच नव्या तारेवर गुंफून दिली. दोन मोती बदलले, बाकीचे तसेच मंद. नातीनं लग्नात घातली. काढलेले दोन मोती माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

रविवारी सकाळी दहाला मी खाली पार्किंगजवळच्या खोलीत बसतो. पक्कड आणि तांब्याची तार माझी. नथ आणणार असाल तर न धुता आणा.