चीडबासा, भोजबासा

आपल्याकडे फळांच्या खोक्याला ‘देवदारी खोके’ म्हणतात. ते लाकूड बहुधा देवदाराचे नसते. हिमालयातल्या सगळ्याच सूचिपर्णी झाडांना एक नाव देऊन आपण मोकळे झालो. ही मोकळीक अनुवादात कशी घोटाळा करते, ते गोमुखाच्या वाटेवर पाहू.

हा मुलूख १९८९पासून गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात आहे. पावसाळी ढग अलीकडच्या रांगांवरच बरेचसे रिते होतात, म्हणून जंगल कोरडे, विरळ. गंगोत्रीपाशी खरा देवदार भेटतो. नऊएक किलोमीटरवर चीडबासा. नाव चीडचे, पण चीड हा खालच्या उबदार उतारांवरचा वृक्ष. त्याच्या जुडीत तीन सुया. इथे साडेतीन हजार मीटरांवर उभा आहे तो कैल. त्याच्या जुडीत पाच सुया, निळसर आणि लोंबत्या. आसपास जमिनीसरसे पसरलेले जुनिपर. अनुवादक या सगळ्याला ‘पाइनचे जंगल’ म्हणतो आणि पुढे जातो.

गोमुखाच्याही वर, तपोवनात, झाडे संपतात. तिथल्या गवताळ उताराला गढवालीत बुग्याल म्हणतात. आपण लिहितो ‘कुरण’. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेले रान, त्याला मालक असतो, कापणी असते. बुग्याल अर्धे वर्ष बर्फाखाली असते आणि उरलेल्या थोड्या आठवड्यांत फुलून बी धरते. कोकणातल्या ‘सड्या’ला आपण दुसरा शब्द शोधत नाही, मग बुग्याललाच का? माझ्या मते तो शब्द जसाच्या तसा घ्यावा.

आता मधला भोजबासा. भोज म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या. सूचिपर्णी मागे पडतात तिथे, वृक्षरेषेवर, हा पानझडी वृक्ष तग धरतो. पण नावाच्या या ठिकाणी आज दगडगोटे आणि झुडपेच जास्त दिसतात. यात्रेकरूंच्या चुलींनी भूर्ज खाल्ला. थंडीत तो सावकाश वाढतो, तोडायला मात्र वेळ लागत नाही. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिश्त यांनी नव्वदच्या दशकात तिथे भूर्जाची रोपे लावायला घेतली, चीडबासाला रोपवाटिका केली. २००८पासून वनखात्याने गोमुखाला जाणाऱ्यांची संख्या दिवसाला १५०वर आणली. आपल्या प्रवासवर्णनांत भोजबासा येतो तो मुक्काम आणि गरम चहापुरता; चहाखालचे सरपण कुठून आले, हे क्वचितच कुणी लिहिते.