उजळणी केव्हा थांबवावी आणि सराव केव्हा सुरू करावा

(शालान्त परीक्षेच्या तयारीविषयी शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी उलटली की दहावीच्या मुलांच्या घरोघरी एक प्रश्न निघतो. पुस्तक अजून पुरे झालेले नाही, मग प्रश्नपत्रिका सोडवावयाच्या कधी? मुलाचे म्हणणे असते की सगळे धडे एकदा नीट वाचून होऊ देत. वडिलांना मुलगा पुस्तकापुढे बसलेला दिसतो, एवढ्यावर त्यांचे समाधान असते. अशा रीतीने आठवडे निघून जातात, पूर्वपरीक्षा येऊन ठेपते आणि पुस्तक तीनदा वाचलेल्या मुलाची उत्तरपत्रिका निम्मी कोरी राहते. मुलगा आळशी नव्हता. त्याचे श्रम चुकीच्या ठिकाणी खर्च झाले, इतकेच.

ओळख पटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. बाजारात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण त्याचे नाव काही केल्या ओठावर येत नाही. पाठ्यपुस्तकाचे तसेच आहे. तिसऱ्यांदा वाचलेले पान इतके सरावाचे वाटते की ‘हे मला येते’ असा मनाचा ग्रह होतो. परीक्षेच्या दालनात मात्र पान समोर नसते, प्रश्न तेवढा असतो.

जुन्या मराठी शाळांतील पंतोजींना हा भेद चांगला ठाऊक होता. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणावयाचा, त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सारे यावयाचे. पण एका सुरात पाढा म्हणून दाखविणाऱ्या मुलावर चांगला पंतोजी विसंबत नसे. ‘सतरा आठे?’ असे तो मध्येच विचारी. सतराचा पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा तेथे अडखळे, मनातल्या मनात सतरा एके सतरापासून सुरुवात करी, आणि मग एकशे छत्तीसपर्यंत पोहोचे. हे आडवेतिडवे विचारणे म्हणजेच सराव परीक्षा. आपण पाठांतराची हेटाळणी करताना हा चांगला भागही टाकून दिला, ही खेदाची गोष्ट होय.

मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट मोजून पाहिली आहे. अमेरिकेतील आर्थर गेट्स यांनी १९१७ साली शाळकरी मुलांवर प्रयोग केले, तेव्हा चरित्रपर मजकूर लक्षात ठेवताना निम्म्याहून अधिक वेळ पुस्तक मिटून स्वतःशी म्हणून पाहण्यात घालविणाऱ्या मुलांची सरशी झाली. पुढे २००६ साली रोडिगर व कार्पिक या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. यातील पहिला निकाल विसरता कामा नये. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचन करणाऱ्यास आपली तयारी उत्तम झाली असे वाटते ते उगीच नव्हे. पाच मिनिटांपुरते ते खरेही असते.

तथापि यावरून जूनपासूनच प्रश्नपत्रिका सोडवीत सुटावे, असा अर्थ कोणी काढू नये. जे कधी समजलेच नाही ते आठवणार कोठून? भूमितीतील समरूप त्रिकोणांची कल्पनाच स्पष्ट नसलेल्या मुलापुढे दहा प्रश्नपत्रिका टाकल्या तर तो दहा वेळा चुकेल, आणि शेवटी गाईडमधील उत्तरे उतरवून काढील. मग प्रमेय घटकाभराने विसरले जाते आणि प्रश्नपत्रिकाही फुकट जाते.

मग उंबरठा कोणता? तो कॅलेंडरात शोधू नये, प्रत्येक धड्यात शोधावा. धडा वाचून झाल्यावर एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. नंतर पुस्तक व वही मिटून कोऱ्या कागदावर त्यातील मुख्य मुद्दे, व्याख्या, सूत्रे आणि एक आकृती लिहावी, मग पुस्तकाशी ताडून पाहावे. दोन-तृतीयांश मुद्दे आले तर त्या धड्यापुरती उजळणी थांबवावी आणि प्रश्नांकडे वळावे. त्याहून कमी आले तर राहिलेला भाग तेवढाच पुन्हा वाचावा. सारा धडा पहिल्या ओळीपासून वाचीत बसणे ही सवय फार महाग पडते. सगळे पुस्तक संपण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. विज्ञानाचे पाच धडे या कसोटीस उतरले असतील तर त्या पाचांचा सराव सुरू व्हावा, सहावा वाचनात असला तरी चालेल.

प्रारंभीच्या सरावात घड्याळ नसावे. एकेका धड्यावरील प्रश्न, पुस्तक मिटून, पूर्ण वाक्यांत. पुढे तीन-चार धड्यांचे मिश्र प्रश्न घ्यावेत, कारण कोणता नियम कोठे लावावयाचा हे ओळखण्याची पाळी तेथेच येते. परीक्षेस सहा ते आठ आठवडे उरले की मात्र पूर्ण प्रश्नपत्रिका, ठरलेल्या वेळात, एका बैठकीत. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोजक्याच असतात. त्या आधीच चाळून संपविणारा विद्यार्थी ऐन वेळी रिकाम्या हाताने उभा राहतो. दोन-तीन तरी अगदी अखेरपर्यंत न उघडलेल्या राखून ठेवाव्यात.

खरे काम प्रश्नपत्रिका सोडवून झाल्यावर सुरू होते, आणि बहुतेक घरी ते होतच नाही. किती गुण पडले हे पाहिले की कागद बाजूला. वास्तविक प्रत्येक चुकीला तिची जात विचारावी. ठाऊकच नव्हते, ठाऊक होते पण आठवले नाही, की आठवले होते आणि प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह चुकले, वेळ संपली? पहिल्या जातीच्या चुका निम्म्याहून अधिक निघाल्या तर सराव लवकर सुरू झाला असे समजावे आणि त्या धड्यांकडे परतावे. त्यात कमीपणा मानू नये. दुसऱ्या व तिसऱ्या जातीच्या चुकांवर पुनर्वाचन हा उपायच नव्हे. आणखी सोडविणे हाच उपाय. चुकलेला प्रश्न उत्तर पाहून लगेच पुन्हा सोडवू नये, चार दिवसांनी सोडवावा.

सगळे विषय एकाच दिवशी उंबरठा ओलांडीत नाहीत. गणिताचा सराव सर्वांत आधी, कारण गणित वाचून येत नाही. इतिहास-भूगोल थोडे मागून आले तरी चालेल. भाषांच्या बाबतीत मात्र घोळ होतो. खानापूर वा निपाणीकडील मराठी शाळेतील मुलाला कन्नड, गोव्यातील खेड्यातल्या मुलाला इंग्रजी या घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषा असतात. त्यांचे धडे वाचून समजतात, पण स्वतःचे एक वाक्य लिहिताना हात थांबतो. अशा भाषेत निबंध व पत्रलेखन वर्षारंभापासूनच, आठवड्यास एक का होईना, लिहून घेतले पाहिजे.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांत घड्याळ अधिक निष्ठुर आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत २०२५ साली १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक वजा. एखाद्याने १५० प्रश्न सोडवून ११० बरोबर आणले तर ४४० मधून ४० जाऊन ४०० उरतात. निव्वळ अंदाजाने ठोकलेली वीस चुकीची उत्तरे त्याने सोडून दिली असती तर ४२० राहिले असते. कोठे थांबावे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते; ते सरावानेच कळते. खात्यांतर्गत परीक्षांना बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही नियमपुस्तिका पाचव्यांदा वाचण्याऐवजी एखादे प्रकरण समोर ठेवून टिप्पणी लिहून पाहावी.

आता शिक्षकांविषयी. ज्या घरात शिकलेले कोणी नाही तेथे उत्तरपत्रिका तपासणार कोण? एका विषयात नापास झालेल्या मुलाला पुन्हा बसविले जाते, पण मुलीच्या बाबतीत ‘आता पुरे’ असे म्हणणारी घरे अजून आहेत. तिच्यासाठी वेळेवर घेतलेली एक सराव परीक्षा म्हणजे शाळा सुटणे आणि शाळा टिकणे यांमधील अंतर ठरू शकते. म्हणून पूर्ण प्रश्नपत्रिका शाळेतच सोडवून घ्याव्यात. शाळा लांब असेल तर रविवारी सकाळी पंचायतीचे सभागृह वा गावचे वाचनालय तीन तास मिळविणे अवघड नाही. तपासलेल्या उत्तरपत्रिका तीन-चार दिवसांत परत जाव्यात. महिन्याने हाती आलेल्या लाल शेऱ्याचा उपयोग नसतो, कारण आपण तसे का लिहिले हेच मूल तोवर विसरलेले असते. सगळ्या तपासणे शक्य नसेल तर मुलांना आदर्श उत्तर देऊन एकमेकांच्या तपासावयास लावावे. दुसऱ्याची चूक शोधताना स्वतःची सापडते, हा वर्गातला नेहमीचा अनुभव आहे.

शेवटच्या आठवड्यात नवी पूर्ण प्रश्नपत्रिका नको. चुकांची वही काढावी, तिच्यातील सूत्रे व व्याख्या पान झाकून म्हणून पाहाव्यात, आणि सकाळच्या पेपरच्या वेळी डोके ताजे राहील अशा बेताने रात्री दिवा लवकर मालवावा. त्या दिवसांत घरात लग्नकार्य किंवा जत्रा असेल तर मुलाची अभ्यासाची जागा शेजारी हलवावी. शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत.