गोळीसमोर ‘एन ए’

भिलाईहून बोलतोय. फौज सोडून बरीच वर्षं झाली, पण पहाटेची हजेरी सुटलेली नाही. आता ती रक्तातल्या साखरेची असते. १२० दिवस रोज उपाशीपोटी साखर मोजून वहीत टिपली. शेजारच्या रकान्यांत आदल्या दिवसाचं: किती मिनिटं चाललो, किती वाजता जेवलो, किती तास झोपलो, गोळी घेतली का.

नातीने हे सगळं ‘आर’मध्ये भरून दिलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘एलएम’ हा आदेश दिला की रिग्रेशन होतं. चालण्याचा गुणक चिमुकला, झोपेचा मोठा. मी लगेच चालणं बिनकामाचं ठरवलं. नात हसली. “आजोबा, तो एका मिनिटाचा आहे, हा एका तासाचा.” मग प्रत्येक रकाना त्याच्या प्रमाण विचलनाने भागून सगळे एका मापात आणले.

पुढची अडचण खरी. उशिरा जेवलो की झोप कमी, हे दोघे कायम जोडीने. ‘कॅरेट’मधलं ‘वारइम्प’ अशा मॉडेलात टी-मूल्यावरून क्रम लावतं. त्यात दोघेही तळाला! जेवणाची वेळ काढून टाकली, तर झोप थेट पहिली. चिखलात रुतलेली गाडी दोन जवानांनी मिळून ढकलली, तर शाबासकी कुणाला? असे अहवाल मी आयुष्यभर लिहिले, आणि दरवेळी न्याय केलाच असं छातीठोकपणे सांगणार नाही. ‘रिलेम्पो’मध्ये एक पद्धत आहे, ‘एलएमजी’. ती चलांना शक्य त्या प्रत्येक क्रमाने आत घेते, प्रत्येकाने किती भर घातली ते पाहते आणि सरासरी काढते. मला ती पटली.

आणि गोळी? तिच्यासमोर गुणकच नाही, नुसतं ‘एन ए’. मी खुशीत सौ.ला सांगितलं, गोळी बंद.

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले. इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. काकांची सगळी नोकरी अशा भट्ट्यांपाशी गेली. म्हणाले, “कर्नलसाहेब, भट्टीत फुंकायच्या गरम हवेचं तापमान आम्ही ठरल्या पट्ट्यात धरून ठेवायचो. ते हललंच नाही, तर आकड्यांत त्याचा प्रभाव दिसणार कुठून? म्हणून हवा थंड सोडायची का?”

मी वही उघडली. गोळीच्या रकान्यात १२० वेळा ‘हो’. एकही ‘नाही’ नाही, मग तुलना कशाशी होणार?

दुसऱ्या दिवशी वही डॉक्टरांना दाखवली. गोळी चालू आहे. जेवण साडेसातला ठरलंय. झोपेचं अजून जमत नाही.