व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक

आमच्या निफाडला एका मंडपवाल्याकडे व्हॉल्व्हचा जुना आहुजा ध्वनिवर्धक भंगारात निघाला होता. मी म्हटले, थांबा! १९६२ साली लंडनला जिम मार्शल यांनी गिटारसाठी ध्वनिवर्धक काढले, त्यांचीही जात हीच. आवाज आवाक्याबाहेर गेला, की ट्रान्झिस्टर लहरीचा माथा खटकन छाटतो. व्हॉल्व्ह तो हळूहळू वाकवतो. गिटारवाल्यांना मोह पडतो तो नेमका या दोषाचा!

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर वजनावर विकू नका. पण उघडूही नका हो. बटण बंद केले, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टपर्यंतचा दाब दडून राहू शकतो. तो जिवावर बेततो. जाणत्या कारागिराकडे न्या. कपॅसिटर खुशाल बदलू द्या, मूळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र शाबूत असेल तर तोच ठेवायला सांगा.